तेहतीस टक्के मोजले कुणी? वाचकांचे प्रश्न

देशाची पर्यावरणाची उद्दिष्टं ठरतात कशी आणि गाठली की नाही हे कळतं कसं, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. खानापूरपासून निपाणीपर्यंतची पत्रं आली. उत्तरं देणारा मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी काढलेला माणूस. आकडा दिसला की नमुना कुठून घेतला हे आधी विचारायची खोड आहे, ती पुढे दिसेलच.

सर, मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. देशाच्या ३३ टक्के जमिनीवर झाडी हवी असं आम्ही शिकवतो. पेपरात येतं, २५ टक्के झाली, वाढतेच आहे. पोरं विचारतात, "बाई, जांबोटीकडं तर झाडं तोडलेली दिसत्यात, मग वाढली कुठं?" काय सांगू?

बाई, पोरांचं बरोबर आहे आणि पेपरातला आकडाही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते सांगतो.

१९८८च्या राष्ट्रीय वन धोरणात लिहिलं की किमान एक तृतीयांश जमीन वनाखाली किंवा वृक्षांखाली असावी, डोंगराळ भागात दोन तृतीयांश. कधीपर्यंत, ते लिहिलं नाही. तारीख आली ती दहाव्या पंचवार्षिक योजनेत: २००७पर्यंत २५ टक्के, २०१२पर्यंत ३३. आता डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा २०२३चा अहवाल बघा. वन आणि वृक्ष मिळून २५.१७ टक्के. म्हणजे २००७चं स्टेशन पंधरा-सोळा वर्षं उशिरा आलं. २०१२च्या स्टेशनाचं आता कुणी नावही काढत नाही.

पुढची गंमत व्याख्येत आहे. त्या २५.१७मध्ये वन २१.७६ टक्के, उरलेले ३.४१ वृक्ष. 'वन' म्हणजे काय? एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि वरून पाहिलं तर किमान दहा टक्के जमीन पानांनी झाकलेली. झाड कुठलं, उतारा कुणाच्या नावाचा, हे उपग्रह विचारत नाही. काजूची बाग, कॉफीचा मळा, नारळ, बांबू, सगळं त्यात. आपल्या भीमगड अभयारण्यातलं जुनं रान आणि तालुक्यातली दाट वाढलेली काजूची बाग या दोन्ही जागा देशाच्या बेरजेत 'वन'च. काजूला मी नावं ठेवत नाही, दोन पैसे त्यानंच मिळतात. पण भीमगडच्या गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांना काजूच्या बागेचा काय उपयोग?

मग पोरांना काय द्यायचं? त्या अहवालात जिल्हावार तक्ता असतो. वनाचे तीन भाग केलेले असतात: ७० टक्के किंवा जास्त पानोरा (पानांनी झाकलेली जमीन) असेल तर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. बेळगावची ओळ काढा आणि पोरांना फक्त अतिघनचा रकाना वाचायला लावा. बेरीज वाढत असताना हा रकाना कुठं जातो, ते बघू दे. एक पथ्य सांगा. जुन्या अहवालातला आकडा नव्यातून थेट वजा करायचा नाही. उपग्रहाची चित्रं दर खेपेला सुधारतात, त्यामुळे मागचे आकडेही दुरुस्त होतात. बदलाचा रकाना नव्या अहवालातच असतो, तोच घ्यायचा.

नमस्कार. आमचं शेत वडगाव शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून. पावसात पाणी शिवारात शिरतं, उन्हाळ्यात नाला काळा आणि वास. नद्या स्वच्छ करायचं उद्दिष्ट आहे म्हणतात. त्यात आम्ही कुठं बसतो?

दादा, खरं सांगायचं तर आज तुम्ही त्या हिशेबात बसतच नाही. का, ते ऐका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे काढतं. २०१८ला ते ३५१ होते, २०२२च्या अहवालात ३११. २०१८च्या यादीत आपली मलप्रभा आहे. पट्टा ठरतो मुख्यतः बीओडीवर. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचं हे माप. आमच्या लॅबमध्ये बाटल्या २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचो आणि ऑक्सिजन किती उरला ते बघायचो. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तीसच्या वर गेलं तर पट्टा पहिल्या, म्हणजे सगळ्यात वाईट वर्गात.

आता तुमची अडचण. यादी नद्यांची आहे, नाल्यांची नाही. नाल्याचं पाणी मार्कंडेय नदीत मिसळलं की मगच नदीचा नमुना घ्यायचा. तो कुठल्या पुलाखाली आणि कुठल्या महिन्यात, यावर सगळा खेळ. ऑगस्टात घेतलेली बाटली आणि एप्रिलातली बाटली, दोघींची जात वेगळी. आम्ही नोकरीत असताना तपासणीचा दिवस आधी कळला तर टाक्या कशा चकाचक व्हायच्या, ते मी पाहिलं आहे. जास्त बोलत नाही.

शिवाय ३५१चे ३११ झाले म्हणजे पट्टे कमी झाले. नदीत पडणारं सांडपाणी किती कमी झालं, ते या आकड्यात नाही. त्याचा हिशेब मंडळानंच २०२१ला दिला होता. देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, शुद्धीकरण केंद्रांची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं सुमारे २०,२३५. बातमीत मधला आकडा येतो, कारण फीत त्याचीच कापली जाते. तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाका आणि बेळगाव शहराचे हेच तीन आकडे महिनावार मागा. खर्च किती झाला ते विचारू नका. त्याचा कागद लगेच मिळतो आणि त्यातून काही कळत नाही. नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली बीओडी किती, तारखेसकट, हेही मागा. तुमच्या शिवाराचा हिशेब तिथून सुरू होतो.

चिकोडी भागातला ऊसवाला मी. पेट्रोलात २० टक्के इथेनॉलचं टार्गेट वेळेआधी झालं. मग हे एक तरी पास झालं म्हणायचं की नाही?

म्हणायचं की! २०१८च्या जैवइंधन धोरणात हे २०३०ला व्हायचं होतं, मग २०२५-२६ला आणलं आणि २०२५मध्ये वीस टक्के गाठलेही. मापायला इतकं सोपं उद्दिष्ट दुसरं नाही, कारण तेल कंपन्या लिटर मोजून विकत घेतात आणि बिल ठेवतात.

पण त्या मापात फक्त टाकीत गेलेलं येतं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना मागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतो आणि कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांवर असतो. वर तीनचा आकडा सांगितलाय, शेजारी ठेवून बघा. हे पाणी बाहेर सोडायचंच नाही असा नियम आहे. आटवून जाळायचं नाहीतर कंपोस्टात मुरवायचं. कुठं पाळतात, कुठं रात्री ओढ्याला सोडतात. आणि ऊस किती पाणी पितो ते तुम्हाला मी काय सांगायचं! पाऊस गेला तेव्हा, डिसेंबर २०२३ला, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच बंधनं घालावी लागली. तेव्हा पास म्हणा, पण एकाच विषयात.

उद्दिष्टं ठरवायची, मुदत गेली की नवी ठरवायची. सगळा कागदी खेळ. कशाला वेळ घालवता? (एक निवृत्त वाचक, बेळगाव)

काका, अर्धं मान्य. पण पेट्रोलातलं शिसं २०००मध्ये देशभर बंद झालं. ओझोन खाणारे सीएफसी वायू १ जानेवारी २०१०पासून बंद झाले. दोन्ही मुदतीत झालं, कारण मोजणी कारखान्याच्या गेटवर होती आणि गेटं मोजकी होती. जंगल आणि नदीला गेट नसतं, तिथंच घोडं अडतं.

आणि मुदत चुकली हे नीट सांगणंही एक काम आहे. स्वीडनच्या संसदेनं १९९९ला पंधरा पर्यावरण उद्दिष्टं ठरवली, २००५ला सोळावं जोडलं. मुदत होती २०२०. त्यांच्याच सरकारी संस्थेनं मुदतीआधी लिहून दिलं की बहुतेक गाठली जाणार नाहीत. ओझोनचं तेवढं होईल म्हणाले. तसा कागद आपल्याकडे निघाला तर तुमच्याआधी मी वाचेन.

मी हुक्केरी तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य. गावात घरोघरी नळ बसले, पाणी मात्र दोन दिवसाआड. वरच्या अहवालात आमचं गाव पूर्ण दाखवतात. मी ग्रामसभेत काय विचारू?

ताई, तुमच्या हातात किती आहे ते बहुतेक तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ला सुरू झालं. २०२४पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळ, माणशी रोज ५५ लिटर, असं ठरलं. मुदत आता २०२८ केली आहे. मोजले जातात ते नळ. सुरुवातीला ३ कोटी २३ लाख घरांत होते, आता पंधरा कोटींच्या वर. मोठं काम आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण ५५ लिटर कोण मोजतं?

'हर घर जल' गावांचे दोन प्रकार असतात: नुसतं कळवलेलं आणि प्रमाणित. कळवणारे वरचे. प्रमाणित व्हायला मात्र ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणून पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना आधी हे विचारा की आपलं गाव यातल्या कुठल्या रकान्यात आहे. ठराव झाला असेल तर तारीख विचारा आणि नक्कल मागा. झाला नसेल तर एप्रिल-मेमध्ये गावाच्या टोकाच्या चार घरांत बादलीनं पाणी मोजा आणि ते लिटर तारखेसह ठरावात लिहून घ्या. पाणी तपासायच्या किटसाठी प्रत्येक गावातल्या पाच बायकांना शिकवायचं योजनेतच आहे. त्या पाचजणी कोण, तेही विचारा. ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी शाळेत शिकणाऱ्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि आकडा त्यात खरंच उतरलाय का ते बघा.