वाचकांचे प्रश्न : रायफलच्या नळीत फेस कुठे चालतो, कुठे नाही

या वेळी रायफल साफ करण्याबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. बहुतेकांना एकच विचारायचंय, ते फेसवालं सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं रसायन) नळीत मारून ठेवलं की काम होतं का. होतं, पण ज्या नळीत तांबं बसलंय तिथेच होतं, आणि तिथेही त्याला वेळ दिला तरच.

प्रश्न : मी टेक्सासला राहतो. माझ्याकडे .308 ची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. नोव्हेंबरात हरणांचा सीझन सुरू व्हायच्या आधी नीट साफ करावी म्हणून फोमिंग बोर क्लीनरचा कॅन आणला. फेस मारला, दहा मिनिटं थांबलो, नळीतून फिरवलेला पॅच (कापडाचा तुकडा) निळा आला. परत मारला, परत निळा. संध्याकाळभर हेच चाललंय, निळं काही संपत नाही. नळी खराब झालीये का?

नळीवर शंका घ्यायच्या आधी जॅग बघा. रॉडच्या टोकाला पॅच धरायला जो जॅग असतो तो बऱ्याच किटमध्ये पितळेचा येतो, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तुमचं सॉल्व्हंट तांबं विरघळवण्यासाठीच बनवलंय, ते नळीतलं तांबं आणि जॅगचं तांबं असा भेद करत नाही. रॉड बाहेर टेबलावर ठेवा, जॅगला फेस लावलेला पांढरा पॅच गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं विसरून जा. निळा झाला तर तुम्ही संध्याकाळभर जॅगच साफ करत होतात. प्लास्टिकचा किंवा निकेल चढवलेला जॅग घ्या, आणि ब्रशही नायलॉनचा, ब्राँझचा ब्रश या सॉल्व्हंटमध्ये घातला की तोही झिजतो आणि परत तोच खोटा निळा रंग देतो.

आता खरा निळा कुठून येतो ते. तुमच्या गोळीवर जे कवच असतं ते साधारण 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त अशा मिश्रधातूचं असतं. गोळी सेकंदाला 800 मीटरच्या आसपास वेगाने नळीतून जाते आणि आतल्या आट्यांवर (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांवर) तांब्याचा बारीक थर सोडत जाते, त्यावर दारूची काजळी बसते, पुढच्या गोळीचं तांबं त्या काजळीवर, असे थर चढतात. फेसातलं अमोनिया किंवा त्याच्या जातीचं अमाईन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या तांब्याचं विरघळणारं निळं संयुग करतात. बारावीच्या लॅबमध्ये मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया टाकल्यावर जो गडद निळा रंग यायचा, तीच ही केमिस्ट्री. म्हणून आधी पॅच काळा-तपकिरी येतो, मग निळा, मधेच परत काळा, परत निळा. यात घाबरण्यासारखं काही नाही, थर उघडे पडतायत.

पण दहा मिनिटांत पॅच घालून बघायची घाई कशाला? हरभरे भिजत घातले की आपण दर दहा मिनिटांनी ढवळत बसत नाही. फेस विकत घेण्यात पैसे घातले ते हातातलं घासणं कमी व्हावं म्हणून, आणि तो काम करतो ते पडून राहून. मात्र किती वेळ पडून राहू द्यायचा हे कॅनवर लिहिलेलं असतं तेच खरं मानायचं. अमोनियाशिवायचे काही फेस रात्रभर ठेवले तरी चालतात असं बनवणारेच सांगतात, आणि उलट जोरदार अमोनियावालं स्वीट्स 7.62 सारखं द्रव सॉल्व्हंट पंधरा मिनिटांच्या वर नळीत ठेवायचं नसतं. एकावर एक दोन वेगळी सॉल्व्हंट तर कधीच घालू नका, एक पूर्ण पुसून काढल्याशिवाय दुसरं नको.

पद्धत सांगतो, कारण पत्रावरून वाटतं तुम्ही तोंडाकडून, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाकडून, फेस मारताय. आधी मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बाहेर काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून खात्री करा, काडतुसं त्या खोलीतच नकोत. बोल्टच्या जागी बोर गाइड (रॉड सरळ नेणारी नळकांडी) बसवा, म्हणजे फेस मागे ट्रिगरमध्ये उतरत नाही आणि रॉड मधोमध राहतो. ट्रिगरमध्ये उतरलेलं सॉल्व्हंट तिथे सुकून चिकट होतं आणि लाकडी दस्त्याचं पॉलिशही खातं, ही काळजी आधीच घ्यायची. रायफल आडवी, तोंड थोडं खाली, खाली जुना टॉवेल. कॅनची बारीक नळी चेंबरकडून लावून अगदी छोटा फवारा द्या, फेस फुगतो आणि पुढच्या तोंडातून डोकावतो, तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट लेबलवर सहसा नसते. फेस थोड्या वेळाने बसतो, त्याचं पाणी होतं आणि ते पाणी नळीच्या खालच्या बाजूला जमतं, वरच्या आट्यांना मग काही लागत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी रायफल उलटी करून ठेवा, दस्ता वर आणि स्कोप खाली, दुर्बिणीच्या काचेवर थेंब पडणार नाही असं कापड गुंडाळून. मग चेंबरकडून कोरडे पॅच घाला, तोंडातून बाहेर आला की पॅच काढून टाका, तोच घाण पॅच मागे ओढू नका. नळीच्या तोंडाची कड, क्राउन, ही गोळीला शेवटची शिवते. ती एका बाजूने जरी घासली गेली तरी गोळी तिकडे जाते. माझं तर ठाम मत आहे की शिकाऱ्यांच्या नळ्या गोळ्यांनी कमी आणि तोंडाकडून घातलेल्या वाकड्या रॉडने जास्त बिघडतात, आणि फेसाचं सगळ्यात मोठं मोल हेच की रॉड कमी वेळा आत जातो.

शेवटी चेंबर पूर्ण कोरडं करा, नळीत तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि गोळीबाराच्या आधी तोही कोरड्या पॅचने काढा. तेल राहिलेल्या नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते, आणि तेल जास्त असेल तर प्रेशर वाढतं, ते धोक्याचं आहे. बोल्ट नसताना मागून उजेडाकडे बघून आत पॅच अडकला नाही हे बघाच. आणि साफ केल्यावर थेट जंगलात जाऊ नका, आधी रेंजवर थोड्या गोळ्या मारून झीरो (नेम धरतो तिथेच गोळी लागते का) तपासा, चकचकीत नळी आणि थोडी मळलेली नळी एकाच जागी मारत नाहीत.

प्रश्न : मुलगा कोल्हापुरात 50 मीटर प्रोनची (पालथं झोपून नेम धरायची) प्रॅक्टिस करतो, .22 रायफल आहे. ऑनलाइन व्हिडिओत फेसाने नळी एकदम साफ होते असं दाखवतात. मी त्याच्यासाठी मागवू का? त्याचे सर म्हणतात नळीला उगाच हात लावू नको.

ताई, सरांचं ऐका. तुमच्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला याच प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलंय आणि स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ, त्यामुळे घरोघरी पालक रायफलचा इतका विचार करतात याचा मला मनापासून आनंद आहे. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं, तिथे नळीची काळजी वाटणं बरोबरच.

पण .22 मॅचची गोळी उघड्या शिशाची असते, वर मेणासारखं वंगण, तांब्याचं कवच नसतंच. फेस मुख्यतः तांबं आणि काजळी काढतो, शिसं त्यात विरघळत नाही. म्हणजे होणार काय, तुम्ही फेस माराल, पॅचवर निळं काहीच येणार नाही, वाटेल वा काय स्वच्छ नळी, आणि शिसं होतं तिथेच. शिवाय चेंबरच्या पुढे काजळीचं जे कडक कडं जमतं ते फेस थोडं मऊ करेल एवढंच, निघतं ते ब्रशने किंवा फेल्टने (दाबलेल्या लोकरीने) घासूनच, आणि ते काम सरांच्या नजरेखाली व्हावं. रोजच्यासाठी फेल्टच्या गोळ्या रॉडवर लावून चेंबरकडून फिरवल्या तरी भागतं.

आणखी एक, मॅचच्या आदल्या दिवशी खोल सफाई अजिबात नको. साफ नळीत मेणाचा थर परत बसायला बऱ्याच गोळ्या जातात, तोपर्यंत ग्रुप (गोळ्या लागतात तो पुंजका) हलत राहतो आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. सफाई ज्याच्या लायसन्सवर रायफल आहे त्याच्या किंवा क्लबच्या देखरेखीत करा, नंतर साबणाने हात धुवा, आणि ते पॅच घरात स्वयंपाकाच्या ओट्याजवळ येऊ देऊ नका, त्यात शिसं असतं.

प्रश्न : 10 मीटर एअर रायफलला हाच फेस चालेल का?

नाही. तिथे दारू नाही, तांबं नाही, आणि सॉल्व्हंट रबरी सील खराब करू शकतं. कोरड्या फेल्टच्या गोळ्या किंवा पुलथ्रू (नळीतून ओढायची मऊ दोरी), बस.

प्रश्न : मी निवृत्त फौजी, विदर्भात शेती आहे. वडिलांची इशापूर कारखान्याची .315 रायफल आता माझ्या लायसन्सवर आहे. वडील रॉकेलने साफ करायचे, तसंच चाललंय. काही जुनी काडतुसं पण आहेत. भाचा अमेरिकेतून येतोय, त्याला फेसाचा कॅन आणायला सांगू का?

काका, कॅन आणायला सांगू नका. दाबाखालचा पेट घेणारा कॅन विमानात ना हातातल्या बॅगेत चालतो ना खालच्या सामानात, विमानतळावरच काढून घेतील. तांबं काढायला साधं द्रव कॉपर सॉल्व्हंटही पुरतं, तुमच्या आर्म्स डीलरकडे विचारा, वेळ तेवढा जास्त लागतो.

रॉकेलने काजळी थोडी सैल होते, पण तांब्याला ते काही करत नाही, आणि उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. वडिलांच्या वेळी जे हाताशी होतं ते त्यांनी वापरलं, आता मात्र शेवटचा हात रॉकेलचा नको, बंदुकीच्या तेलाचाच हवा.

जुन्या काडतुसांची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जुन्या जमान्यातल्या कॅपमध्ये (काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीत) क्लोरेट असायचं, ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठच, राहतं. ते हवेतली ओल ओढतं आणि नळी आतून गंजते. तेलात ते मीठ विरघळत नाही, तेल नुसतं त्याच्या वर बसतं. त्यावर जुना फौजी उपायच बरोबर, गोळी झाडली त्याच दिवशी चेंबरकडून फनेलने कडकडीत उकळतं पाणी ओता, तोंड खाली धरून. पाण्याने नळी तापते आणि लवकर सुकते, मग कोरड्या चिंद्या, मग तेल, तांब्याचं काम त्यानंतर निवांत. पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) हिरवी पडलेली किंवा चिरलेली असेल तर ते काडतूस वापरूच नका, डीलरला दाखवा.

.315 ची ॲक्शन ली-एनफिल्डच्याच घराण्यातली, बोल्ट मागे निघतो, त्यामुळे तोंडाकडून गज घालायची गरज नाही. चिंदी तुम्हाला फौजेत शिकवलीय तीच, सफाईला 4 बाय 2 इंच आणि तेलाला 4 बाय दीड. रायफल चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ओल आतच कोंडते. कपाटात तोंड खाली करून ठेवा म्हणजे तेल ट्रिगरकडे उतरत नाही, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक कोरडी चिंदी फिरवून बघा. तिच्यावर गंजाचा तांबूस डाग दिसला की त्याच दिवशी तेल.