दादीची पेटी अन् बीकानेरचे कागद

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. पणजोबा बीकानेरहून कापसाच्या धंद्यासाठी इकडं आले, दादी सांगते छपन्याच्या दुष्काळात आले म्हणून. घरच्या लोखंडी पेटीत लाल कापडाच्या बह्या म्हणजे हिशोबाच्या वह्या, हुंड्या, पत्रं अन् जुने फोटो आहेत. काकाजी म्हणून राहिले की बह्या रद्दीत द्या अन् फोटो लॅमिनेट करून टाका. दादी आता थकली आहे. काय करावं?

उत्तर: दादा, पहिले काकाजींना थांबवा. लॅमिनेशनमध्ये गरम होऊन चिकटलेला फोटो नंतर धड सोडवता येत नाही, अन् रद्दीत गेलेली बही तर गेलीच समजा.

पण पेटी उघडायच्या आधी दादीजवळ बसा, कागद अजून दोन वर्षं थांबतील. जन्म कधी, लग्न कधी असं विचारलं की म्हातारी माणसं आठवत नाही म्हणून मोकळी होतात, त्यापेक्षा तिला विचारून मोबाईलचं रेकॉर्डिंग लावा, एकेक फोटो हातात द्या अन् हा कोण, ही हवेली कोणाची, पाणी कुठून आणायचे, एवढंच विचारत जा. पाण्याचा विषय तर काढाच, कारण 1927 ला बीकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी गंग नहर म्हणजे कालवा आणला तो गंगानगरकडच्या शेतीसाठी, शहरातल्या बाया मात्र विहिरी अन् पावसाचं साठवलेलं पाणी यावरच संसार करत होत्या. दादी मारवाडीत बोलली तर मारवाडीतच बोलू द्या, मधे हिंदी-मराठी करायला लावू नका.

आता छपन्या. तो संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ, पण त्याच वर्षी आपल्या इकडंही पावसानं दगा दिला होता. म्हणून मला वाटते की पणजोबा नुसते उपाशीपोटी निघाले नसतील, आधीच कोणा नातेवाइकाचं दुकान इकडं असेल, कारण नागपूरपर्यंत रेल्वे 1867 लाच आली होती अन् कापसाचा बाजार तेव्हापासूनच वाढत गेला. याचा उलगडा बहीतच होईल, सगळ्यात जुन्या बहीचं पहिलं पान पाहा, देवाच्या नावाखाली संवत अन् मिती असते. संवतातून 57 वजा करा, जानेवारी ते चैत्राच्या मधली मिती असली तर 56. अन् एक लक्षात ठेवा, तिकडं महिना पौर्णिमेला संपते, त्यामुळे आपल्या पोळ्याची श्रावण अमावस्या त्यांच्या बहीत भादवा बदी (भाद्रपद वद्य) अमावस म्हणून लिहिलेली असते, हे माहीत नसलं की हिशोब महिनाभर पुढं-मागं होतो.

गावातल्या मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडे बही नेऊ नका, ती मोडी वेगळी. ही मुडिया म्हणजे महाजनी लिपी, हिच्यात काना-मात्रा बहुतेक देतच नाहीत, म्हणूनच 'काकाजी अजमेर गया' चं 'काकाजी आज मर गया' झालं असं मारवाडात सांगतात. जुने मुनीम ज्यांच्याकडं होते अशा पेढीवर विचारा, एखादा म्हातारा वाचणारा अजून सापडते.

बीकानेरला राजस्थान राज्य अभिलेखागाराचं मुख्य ऑफिस आहे, 1960 पासून तिथंच. संस्थानाच्या काळच्या जकातीच्या बह्या तिथं आहेत, व्यापाऱ्यांच्या मालाची नोंद त्यात मिळू शकते. जाताना पणजोबांचं नाव, गोत्र, कोणत्या गुवाडात (मोहल्ल्यात) घर होतं ते अन् संवत लिहून न्या, नुसतं आडनाव सांगून काही हाती लागत नाही.

बीकानेरच्या कोरड्या हवेत टिकलेला कागद आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून पेटी जमिनीवर नको, भिंतीला लावूनही नको. उन्हाळ्यात सावलीत हवा द्या, उन्हात अजिबात नाही. सेलोटेप लावू नका. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असते, त्याचाही फोटो काढा अन् दादीनं सांगितलेलं नाव मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नाही. अन् काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करून घ्या.