पंचवीस अंकांवर गाडी का अडते?

प्रश्न: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या संख्येचे डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर २ ने भाग जातो, तीन घेतले तर ३ ने, चार घेतले तर ४ ने, असं थेट २५ पर्यंत चालतं असं वाचलं. आणि अशी याहून मोठी संख्याच नाही म्हणे! संख्या तर कधी संपत नाहीत, मग ही शेवटची कशी? कॅल्क्युलेटर एवढे अंक घेतच नाही.

उत्तर: खरंय ते, अगदी शंभर टक्के. ३६, ३६०, ३६०८ हे तर तोंडीच होतं, मजा सातव्या अंकापासून येते, ३६०८५२८ भागिले ७ करून बघा, बरोबर ५१५५०४ येतात, बाकी शून्य.

आता संपते का ते. समजा तुमच्याकडे अशी सहा अंकी संख्या आहे, तिच्यापुढे ० ते ९ पैकी काहीही लावलं की लागोपाठच्या दहा संख्या तयार होतात आणि लागोपाठच्या दहांत ७ ने भाग जाणारी एक तरी असतेच, सुटकाच नाही. म्हणजे १० अंकांपर्यंत काही टेन्शन नाही. ९ अंकी अशा २४९२ संख्या आहेत आणि १० अंकीही २४९२च, कारण दहाव्या जागी फक्त शून्यच चालतं ना. पण अकरावा अंक लावताना पर्याय दहा आणि भागायचं ११ ने, इथून पुढे सगळा नशिबाचा खेळ, आणि दर पायरीला नशीब थोडं थोडं पातळ होत जातं. २० अंकी उरतात ४४, २३ अंकी ६, २४ अंकी ३ आणि २५ अंकी ही एकटीच.

बरं, २६ अंकी असती तर तिचे पहिले २५ अंक हेच असायला हवेत, दुसरे आणणार कुठून? म्हणून हिच्यापुढे शून्य लावा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एक आड एक अधिक-उणे करा (१००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे १३ ची बाकी अशी कागदावरच निघते, कॅल्क्युलेटर गेला उडत): २५० − ३६७ + ८६० − ७ + ६८४ − ५०३ + २८८ − ८५ + ३६ = ११५६. याला १३ ने भागलं की बाकी १२, आणि शून्य लावलेली संख्या सम असल्यामुळे २६ ने भागलं तरी बाकी १२च. म्हणजे आणखी १४ मिळवायला हवेत आणि एका अंकात जास्तीत जास्त मावतात ९. झालं, खेळ खलास.

याचा व्यवहारात उपयोग काय असं विचाराल तर काही नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. कॅल्क्युलेटरवरच खेळायचं असेल तर ३८१६५४७२९ घ्या, यात १ ते ९ सगळे अंक एकेकदाच येतात आणि नवव्या पायरीपर्यंत भागही जातो. अशीही एकच आहे.