पूर्ण मापाचं व्हायोलिन

प्रिय बेटा,

परवा वसंतराव देशपांडे सभागृहात तुझा यमन ऐकला. टाळ्या पडल्या, त्या खऱ्याच होत्या. माझं लक्ष मात्र तुझ्या करंगळीकडे होतं. तार सप्तकात ती दोनदा कमी पडली, सूर उतरला, तू मींडेने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत, सावरून घेतलास आणि चटकन आईकडे बघितलंस. घरी जाऊन रडलीस म्हणे.

रडू नकोस गं. जानेवारीत तू पाऊण मापाचं व्हायोलिन सोडून पूर्ण मापाचं हातात घेतलंस. तार लांब झाली की सुरांमधलं अंतर वाढतं. बोट जुन्या जागी पडलं तर सूर उतरणारच. आठव्या वर्षी वाद्य बदललं तेव्हा तुला पत्ताही लागला नव्हता. आता चौदाव्या वर्षी आपलं चुकलेलं आपल्यालाच ऐकू येतं, म्हणून धास्ती बसते. हा कान तयार झाल्याचा पुरावा आहे.

जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९२९ साली बर्लिनमध्ये बाख, बीथोवन आणि ब्राम्स या तिघा पाश्चात्त्य संगीतकारांचे कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या मोठ्या रचना, एका संध्याकाळी वाजवून गेले, तेव्हा त्यांना तेरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याआधी थोर वादक युजेन इझाई यांनी त्यांचं वादन ऐकून फक्त एक आर्पेजिओ, म्हणजे आपल्या अलंकारासारखा साधा पाठ, चार सप्तकांत वाजवायला सांगितला होता. तिथे मुलगा चाचपडला. मोठेपणी हात अडखळू लागला, तेव्हा बोट कसं पडतं, गज कसा चालतो, हे सगळं त्यांना मुळापासून शोधावं लागलं. १९५२ साली मुंबईत त्यांना आपल्या पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार भेटले. पुढे मेन्युहिननी त्यांना घड्याळ दिलं, त्यावर ‘माझे सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक’ या अर्थाचे शब्द कोरले होते. ज्यांनी कधी गज धरला नाही, त्यांना! श्वास आणि खांदा मोकळा झाला की हात वाजतो, एवढंच त्यात आहे.

माझं तुला कधी सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी एक संस्था मला ‘बालकलाकार’ म्हणून गावोगाव फिरवत होती. द्रुत ताना झकास जायच्या, आलाप टिकत नव्हता. कुणी थांबवलं नाही, मीही थांबलो नाही. खांदा धरला आणि दोन वर्षं वाद्य बंद पडलं. ते अजून सलतं. म्हणून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या कार्यक्रमांना नाही म्हणायचं. आईबाबांशी मी बोलतो.

सकाळी तानपुरा लावून एकाच तारेवर सा ते सा, संथ, पूर्ण गज. अर्धा तास, जास्त नाही. चुकलेल्या सुरावर थांब, सरकवून लपवू नकोस.

आणि हो, कूलरच्या वाऱ्यात व्हायोलिन ठेवू नकोस. ओलाव्याने खुंटी फुगून अडकते, बाहेरच्या झळांत सुकून घसरते. तुझी पंचमाची खुंटी परवा दोनदा घसरली. रविवारी सातला ये, ऊन चढायच्या आत बघून देतो.

तुझा,
काका