गोळी चालू केली आणि पोरगा बिथरला

"ताई, ह्या डिप्रेशनच्या गोळ्यांनीच लोक जीव देतात म्हणे, खरंय का?" महिन्यातून तीन-चारदा तरी हा प्रश्न येतोच, कुठलातरी फॉरवर्ड नाहीतर व्हिडिओ बघून. म्हणून ही केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, वय १९. सायकियाट्रिस्टने एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी चालू केलेली आणि समुपदेशनासाठी माझ्याकडे यायचा. गोळीच्या बाराव्या दिवशी आईबाबा अपॉइंटमेंट नसताना त्याला घेऊन हजर. रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो, आणि आदल्या रात्री बहिणीने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून जेवणाचं ताट भिरकावलं. बाबांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर आपटली, "मॅडम, आजपासून हे बंद. हा असा कधीच नव्हता."

आता मी पडले विवेकनिष्ठ पद्धतीची, भावना दिसली की तिच्यामागचा विचार शोधायचा ही अठरा वर्षांची सवय. पंधरा मिनिटं मी त्याचा बॅकलॉग (राहिलेले विषय) आणि 'लोक काय म्हणतील' हेच उकरत बसले. तो बिचारा उत्तरं देत होता पण खुर्चीत टिकत नव्हता, उठायचा, बसायचा, एक पाय खाली टेकला की दुसरा हलायला लागायचा. मग माझ्या लक्षात आलं की मी भलत्याच ठिकाणी खणतेय.

"ही बेचैनी डोक्यात आहे की अंगात?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. "अंगात. पायात जास्त. कातडी सोलून बाहेर पडावंसं वाटतं."

"गोळीच्या आधी असं व्हायचं?"

"आधी तर बेडवरून उठायचाच कंटाळा यायचा."

"मरावंसं वाटतं?" आई दचकली, पण हे सरळच विचारायचं असतं, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही.

"मरायचं नाहीये मॅडम. हे थांबायला पाहिजे. काल वाटलं, तसंच थांबणार असेल तर तेही चालेल."

औषधामुळे होणाऱ्या ह्या बेचैनीला अकाथिसिया म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण होते तेव्हा बहुतेक गोळी नवीन असताना किंवा डोस बदलल्यावर, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला नाहीतर पोरगा हाताबाहेर गेला. म्हणजे बाबा अगदीच चूक नव्हते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००४ मध्ये ह्या गोळ्यांवर लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी आत्महत्येच्या विचारांची ठळक वॉर्निंग छापायला लावली आणि २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली. मुलांवरच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या १०० पैकी साधारण ४ जणांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीवर २ जणांत. त्या चाचण्यांत आत्महत्येने मृत्यू मात्र एकही नाही, हे मात्र फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. मारामारीचं म्हणाल तर २०१५ च्या एका स्वीडिश अभ्यासात १५ ते २४ वयात ह्या गोळ्यांचा हिंसक गुन्ह्यांशी थोडा संबंध दिसला, पण गोळीमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. उलट उपचार न झालेलं डिप्रेशन किती जणांना नेतं ते मी बघितलंय.

बाबांना म्हटलं, बंद करायची का ते आपण ठरवायचं नाही, एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं हे वेगळंच सुरू होतं. पण पुढच्या व्हिजिटपर्यंत थांबायचंही नाही. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, आणि "उदास आहे" असं न सांगता "गोळीचा बारावा दिवस, पाय स्थिर नाहीत, मरणाचा विचार येऊन गेला" असं सांगितलं. डॉक्टरांनी संध्याकाळीच बोलावून गोळी बदलली, बेचैनीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि म्हणाले बरं झालं आजच कळवलंत. (बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) काही दिवस बाबा त्याच्या खोलीत झोपले, गोळ्या आईच्या कपाटात. आठवड्याभरात येरझाऱ्या थांबल्या.

रात्री-अपरात्री असं झालं आणि डॉक्टर फोन उचलत नसतील तर १४४१६, टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. जिवाला धोका वाटला तर सरळ हॉस्पिटल गाठा, पण त्याला एकटं सोडू नका.

दोन महिन्यांनी तो स्वतःच आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही बॅकलॉगचं विचारत होता ना, ते आता विचारा."