ताप उतरल्यानंतरचे दिवस

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेले पत्र आज सकाळी वाचले. पाच दिवस ताप होता, डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली, कालपासून ताप नाही, प्लेटलेट्स ८५ हजारांवर आहेत, एवढे सगळे तू चार ओळींत उरकलेस आणि उरलेले दीड पान सोमवारपासून जिम सुरू करावी की करू नये, या एका प्रश्नासाठी खर्च केलेस. तुझी तळमळ मला कळते, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. या सोमवारी जिममध्ये पाऊल टाकू नकोस. पुढच्या सोमवारीही मी बहुधा हेच सांगेन.

ताप अंगात असताना सहसा कोणी व्यायामाला जात नाही. अंग मोडून आलेले असते, डोळ्यांच्या खोबणी ठणकत असतात, पांघरुणाबाहेर हात काढावासा वाटत नाही; शरीर स्वतःच माणसाला अंथरुणाला खिळवून ठेवते. चूक घडते ती त्यानंतर. घाम येऊन अंग गार पडते, डोके हलके होते, कित्येक दिवसांनी पहिल्यांदा भूक लागते आणि आजार संपला असे वाटू लागते. डेंग्यूच्या बाबतीत हा समज फार धोक्याचा आहे. या आजारात साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो आणि नेमका तेव्हाच पुढच्या २४ ते ४८ तासांचा नाजूक काळ सुरू होतो. काही रुग्णांमध्ये या काळात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि प्लेटलेट्स आणखी खाली जातात. तू हे पत्र वाचत असशील तेव्हा त्याच काळात असशील. म्हणून पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनाशा झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, शौचाला काळे झाले, दम लागला अथवा विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थता वाटू लागली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठ. डॉक्टरांनी पुढची रक्ततपासणी ज्या दिवशी सांगितली असेल, ती बरे वाटते म्हणून चुकवू नकोस.

आता त्या ८५ हजारांविषयी. निरोगी माणसाच्या प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाखांच्या दरम्यान असतात. तू लिहितोस की वजन कमी ठेवून फक्त पायांचा व्यायाम करीन. जड वजन ढकलताना आपण नकळत दम कोंडतो, पोट आणि छाती आवळतो आणि तेवढ्या क्षणांपुरता रक्तदाब प्रचंड वाढतो. सराव असलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसांच्या धमनीत नळी घालून तो प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा पायांनी वजन ढकलण्याचा जड लेग प्रेस करताना वरचा आकडा ३०० च्याही पुढे गेलेला आढळला. निरोगी रक्तवाहिन्या हा ताण सहज सोसतात. ज्या रक्तवाहिन्या सध्या झिरपत असण्याची शक्यता आहे आणि ज्या रक्तात गळती बुजवणारे हे कण नेहमीपेक्षा बरेच कमी आहेत, त्यांच्यावर हा ताण टाकण्याचे काहीही कारण नाही. शिवाय जिममध्ये प्लेट पायावर पडते, बार नडगीला घासतो, हे तुला ठाऊक आहेच. एरवी काळानिळा डाग पडून जी गोष्ट संपते, ती या दिवसांत तिथेच संपेल याची खात्री नाही.

तुझ्या जिमच्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्या असतील. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन या गोळ्या डेंग्यूमध्ये घ्यायच्या नसतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिले असेल तर तेवढेच, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात घे. व्यायामाआधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर, ताकदीसाठीचे क्रिएटिन वगैरे सध्या पूर्ण बंद ठेव आणि आजवर काय काय घेत होतास, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. याला एक व्यावहारिक कारणही आहे. क्रिएटिनमुळे मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढू शकतो. डेंग्यूत यकृताला सूज येऊन एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढतात, आणि जड व्यायामानंतरही स्नायूंतून हेच घटक रक्तात येऊन पुढे कित्येक दिवस वाढलेले राहू शकतात. तू मधेच एक दिवस स्क्वॉट मारून आलास तर तुझा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना यकृताचे दुखणे वाढले की पायांनी मेहनत केली, हे कळणे कठीण होईल.

मी इतक्या आग्रहाने का लिहितो, ते सांगायला हवे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात एका तालमीत राहत होतो. आमच्या वस्तादांची एक सवय होती. हौद्यात उतरण्याआधी ते प्रत्येक पोराच्या मानेला उलटा हात लावून पाहत आणि अंग जरा कोमट लागले तर त्याला दिवसभर कट्ट्यावर बसवत. मग तो कितीही मोठा पैलवान असो. चैत्रातल्या एका जत्रेच्या मैदानासाठी माझी तयारी चालली होती. मला ताप आला, अंग ठणकत होते, घसा बसला होता. नेमके त्याच आठवड्यात वस्ताद गावी गेले होते. मी दोन दिवस पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी गोळी घेतली, ताप उतरला आणि त्या उतरलेल्या तापाच्या जोरावर चारशे बैठका मारल्या. चौथ्या दिवशीही तेच केले. पाचव्या दिवशी तालमीचा जिना चढताना छातीवर कोणी बसल्यासारखे झाले आणि छातीत धडधड सुरू झाली, ती खाली बसल्यावरही थांबेना. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पुढच्या तपासण्या केल्या आणि हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे सांगितले. ते मैदान गेले आणि त्यानंतरचे सहा महिने मला साध्या जोरांचीही परवानगी नव्हती.

हा आजार नेहमी होत नाही, आणि तुला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण विषाणूंपैकी काही हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात, त्या अवस्थेत जोराची मेहनत केली तर हानी वाढू शकते, आणि एकदा सूज आली की तीन ते सहा महिने कष्टाचा व्यायाम बंद ठेवावा लागतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. तापात हृदय आधीच जास्त काम करत असते; शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी मिनिटाला सुमारे दहा ठोक्यांनी वाढते. गोळीने थर्मामीटरवरचा आकडा खाली येतो, विषाणू मात्र गोळीने मरत नाही. गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच ताप गेला असे धरावे.

तुझी खरी भीती वेगळी आहे, ती तुझ्या प्रत्येक वाक्यात दिसते. सात महिन्यांत बेंच प्रेस चाळीसवरून सत्तर किलोवर नेला, तो पंधरा-वीस दिवसांत पुन्हा खाली येईल, अशी ती भीती आहे. आरशात दंड लहान दिसतात असे तू लिहिलेस, ते खोटे नाही. स्नायूंत साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. आजारपणात खाणे तुटले की हा साठा रिकामा होतो आणि स्नायू सुकल्यासारखे दिसतात. पोटभर भात-भाकरी सुरू झाली की तो आठवडाभरात बराचसा भरून येतो. दमसास मात्र लवकर उतरतो; दोन-तीन आठवड्यांच्या खंडात तो काही टक्क्यांनी घटतो. ताकद त्यापेक्षा चिवट असते आणि निरोगी माणसाची ताकद सुमारे तीन आठवड्यांच्या विश्रांतीत फारशी हलत नाही. तू निरोगी नव्हतास, त्यामुळे तापाने आणि अंथरुणाने थोडा खरा स्नायूही झिजवला असेल, हे मी लपवत नाही. पण एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा कमवायला पहिल्याइतका काळ लागत नाही. माझे सहा महिने गेले, तरी पूर्वीच्या जोर-बैठका मी जेमतेम दहा आठवड्यांत पुन्हा गाठल्या, आणि त्या पहिल्यांदा कमवायला मला दोन वर्षे लागली होती.

या पावसाळ्यात दोनदा सर्दीने धरले होते, असेही तू ओझरते लिहिलेस. डेंग्यू डासाने दिला, त्यात तुझा दोष नाही. पण सर्दीचा विचार तुला करावा लागेल, कारण रात्री एकपर्यंत काम आणि पहाटे साडेपाचला जिम, असा तुझा दिवस मी ऐकून आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मोजून नंतर त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. स्नायूची भरणीही गाढ झोपेतच चांगली होते. तू साडेचार तास झोपून जी मेहनत करतोस, तिचा पुरता मोबदला तुला कधी मिळालाच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बरा झाल्यावर पहाटेची वेळ सोड आणि संध्याकाळी जा. त्यासाठी दोन दिवसांचा व्यायाम कमी झाला तरी चालेल.

आता परतण्याविषयी. ताप जाऊन आठवडा झाला, प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात आला आणि डॉक्टरांनी होकार दिला, की मग सपाटीवर चालण्यापासून सुरुवात कर. तोवर घरातल्या घरात फिरणे, पाणी, ताक, पेज, मुगाचे वरण आणि मऊ भात एवढेच तुझे काम. अंडी खात असशील तर भूक येताच सुरू कर. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा काही जणांत कित्येक आठवडे रेंगाळतो, तेव्हा दिवसांचा हिशोब मांडू नकोस. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नकोस, हे मुद्दाम सांगतो: डेंग्यूतून उठताना काही दिवस नाडी नेहमीपेक्षा मंद राहू शकते, आणि तो आकडा पाहून आपली तब्येत सुधारली असा गैरसमज होतो. त्यापेक्षा तुमच्या इमारतीचा जिना बरा. तीन मजले नेहमीच्या चालीने चढ, वर पोहोचल्यावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड वाटते का ते वहीत लिही. सलग तीन दिवस नोंद चांगली आली, की जिममध्ये जायला माझी हरकत नाही.

तिथे पहिल्या आठवड्यात आजारापूर्वीच्या निम्मे वजन, निम्मे सेट आणि एक दिवसाआड व्यायाम, एवढेच. आपल्या जुन्या वैद्यांनी व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे आणि तिची खूणही दिली आहे: कपाळावर, नाकावर आणि काखेत घाम आला व श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धी शक्ती खर्च झाली. ही खूण धडधाकट माणसांना सांगितलेली होती, आजारातून उठलेल्याने तर ती अजिबात ओलांडू नये. नाकाने श्वास पुरेनासा झाला की सेट तिथेच सोड, मग एका सेटमध्ये आठ वेळा उचलायचे ठरवले असो की बारा. पुढे दर आठवड्याला थोडे वजन वाढव; छातीत दुखले, धडधडले, भोवळ आली किंवा एका दिवसाचा थकवा दोन दिवस पुरला, तर मागे ये, आणि यातल्या पहिल्या तिन्हींसाठी डॉक्टरांकडे जा. जड डेडलिफ्ट आणि लेग प्रेस सगळ्यांत शेवटी सुरू कर.

साध्या सर्दीला एवढे सोपस्कार लागत नाहीत. नाक वाहते, शिंका येतात, पण ताप नाही आणि अंग दुखत नाही, तर हलका व्यायाम चालतो. फक्त तो घरी करावा, कारण तू वापरलेल्या बेंचवर पाच मिनिटांत दुसरा कोणी पाठ टेकणार असतो. छातीत खोकला, ताप, अंगदुखी, जुलाब किंवा उलट्या, यांपैकी काही असेल तर घरीसुद्धा व्यायाम नको.

तुझा ट्रेनर घाम गाळून ताप बाहेर काढ असे म्हणाला, हे वाचून मला वाईट वाटले. तो मनाने चांगला असेल, तुझी प्रगती व्हावी अशी त्याची इच्छाही असेल, पण प्लेटलेट्सचा रिपोर्ट त्याने पाहिलेला नाही. त्याला फोन करून महिनाभर येणार नाही असे आजच सांग आणि फी पुढे ढकलता येते का ते विचार. म्हणजे भरलेले पैसे वाया जातात म्हणून पाय तिकडे वळायला नकोत. वहीची पहिली तीन पाने झाली की मला पाठव, आणि पुढच्या तपासणीचा आकडा मात्र त्याच रात्री कळव. मी जागा असेन.

तुझा,
काका