लिनक्स मशीन सुरू होताना यूएसबी उपकरणांची नावं बदलतात, ती कायम कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की वजनकाटा आणि लेबल प्रिंटर दोन्ही यूएसबी-सिरियल केबलने जोडलेत, आणि लाइट जाऊन आली की काटा कधी टीटीवाययूएसबी० (लिनक्सने केबलला दिलेलं नाव) वर असतो, कधी टीटीवाययूएसबी१ वर. हा ताप मी एका धान्याच्या दुकानात भोगलाय. बिलिंगचा प्रोग्राम सकाळपासून प्रिंटरलाच वजन विचारत बसला होता. काट्यावर तांदळाचं पोतं, स्क्रीनवर ०.०००, आणि शेठ माझ्याकडे बघतायत! मी आधी केबल बदलली, मग काटा बंद-चालू केला. काट्याचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

तो शेवटचा आकडा म्हणजे टोकन नंबर. बूट होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जे उपकरण आधी सापडलं त्याला ०, पुढच्याला १. आज प्रिंटर आधी सापडला की झाली अदलाबदल.

(मोबाइलवरून देवनागरीतच लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं टाका.)

आधी /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी हे फोल्डर उघडून बघा. यूडेव्हने (उपकरणांची नावं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामने) तिथे प्रत्येक केबलचं मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं लांबलचक नाव आधीच करून ठेवलेलं असतं. दोन्ही केबल वेगळ्या नावांनी दिसत असतील तर तोच पूर्ण पाथ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टाका. काम संपलं.

पण माझ्याकडच्या दोन्ही केबल सीएच३४० चिपच्या, स्वस्तातल्या. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या केबलला बहुतेक वेळा स्वतःचा सिरियल नंबर असतो, सीएच३४०च्या केबलना सहसा नसतोच. व्हेंडर आयडी १ए८६, प्रॉडक्ट आयडी ७५२३, सगळ्या जुळ्या बहिणी. बाय-आयडीमध्ये मग दोघींत मिळून एकच नाव दिसतं. अशा वेळी ओळख केबलवरून पटत नाही, ती कुठल्या पोर्टात खोचलीय त्यावरून ठरवावी लागते. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये ९९-काटा.रूल्स नावाची फाइल करून एक ओळ लिहिली:

सबसिस्टम=="टीटीवाय", कर्नल्स=="१-१.३", सिमलिंक+="काटा"

हा यूडेव्हचा नियम: या पोर्टातल्या उपकरणाला ‘काटा’ हे जोडनाव (सिमलिंक) द्या. १-१.३ हा माझ्या मशीनवरचा पोर्ट. तुमचा ‘यूडेव्हअ‍ॅडम इन्फो -ए -एन /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ या कमांडने कळेल. तिच्या आउटपुटमध्ये उपकरण आणि त्याचे आई-बाप, आजे-पणजे असे वेगवेगळे गट दिसतात. नियमात उपकरणाचा स्वतःचा गट आणि कुठल्याही एकाच पूर्वजाचा गट चालतो. मी दोन पूर्वजांची माहिती एका ओळीत कोंबली होती. नियम लागू होईना आणि एररही दिसेना, त्यात तासभर गेला. तपासायचं तिथे दोन बरोबर चिन्हं लागतात, एकच टाकलंत तरी नियम बिघडतो.

मग ‘यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल --रिलोड’ आणि ‘यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर’, दोन्ही सुडोने. आता प्रोग्रामला /डेव्ह/काटा द्या. टीटीवाययूएसबी० हे मूळ नाव बदलायच्या नादी लागू नका. यूडेव्हला ते फक्त नेटवर्क कार्डांच्या बाबतीत जमतं. तिथे सिस्टमडी (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम, यूडेव्ह त्याचाच भाग) च्या आवृत्ती १९७ पासून, म्हणजे २०१३ पासून, ईटीएच० च्या जागी ईएनपी३एस० अशी जागेवरून पडलेली नावं दिसतात, ती याच कारणाने.

केबल दुसऱ्या पोर्टात गेली की /डेव्ह/काटा गायब. झाडताना केबल काढून भलतीकडे लावणारं कोणी ना कोणी असतंच, म्हणून मी पोर्टावर पांढरी टेप चिकटवून मार्करने ‘काटा’ लिहिलं.

बॅकअपची डिस्क जोडली असेल तर एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) एसडीबी१ लिहू नका, तेही असंच बदलणारं नाव. ‘बीएलकेआयडी’ या कमांडने दिसणारा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा आणि ‘नोफेल’ जोडा, नाहीतर डिस्क काढलेली असताना मशीन बूट होताना तिची वाट बघत बसेल आणि शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडेल.

सगळं झालं की दोन्ही केबल काढा, आधी प्रिंटरची लावा, मग काट्याची. नंतर उलट क्रमाने. दोन्ही वेळा /डेव्ह/काटा वरून वजन आलं तरच शेठना सांगा.